तिसरं मागणं

ओरोझालीची आणि माझी ओळख एका वायरीमुळे झाली.

बिश्केकच्या कडेला, रेल्वेरुळांपलीकडे, पत्र्याच्या गॅरेजांची लांब रांग होती. माझं गॅरेज आजोबांकडून आलेलं. त्यात गाडी नव्हती, पुस्तकं होती. साहित्याची पदवी घेतली की पुस्तकं घरात मावत नाहीत आणि आपण नोकरीत मावत नाही. एका दुपारी शेजारच्या गॅरेजातला माणूस वायरीचं भेंडोळं घेऊन दारात उभा राहिला. पन्नाशी ओलांडलेला, रुंद खांद्यांचा, डोक्यावर कानटोपी.

"तुझ्याकडे वीज आहे का रे, मास्तर?"

"मी मास्तर नाही, बाइके." आमच्यात मोठ्या भावाच्या वयाच्या माणसाला बाइके म्हणतात.

"एवढी पुस्तकं असलेला माणूस दुसरा कोण असणार? चोर? वीज आहे का ते सांग."

होती. हिवाळ्यात आमच्याकडे वीज पाळीपाळीने जाते. रांगेच्या एका बाजूला असते तेव्हा दुसऱ्या बाजूला नसते. त्याने वायर जोडली आणि दुसरं टोक घेऊन गेला. मी वायरीच्या मागोमाग गेलो.

आत एक जुनी पिवळी गाडी उभी होती, मॉस्क्विच. बॉनेट उघडं होतं. खाली इंजिनाची जागा रिकामी होती आणि जेवणाच्या ताटासारखी लख्ख पुसलेली होती.

"इंजिन कुठे गेलं?"

"विकलं."

"मग ही चालणार कशी?"

"विजेवर."

मी वळून माझ्या गॅरेजातून आलेल्या वायरीकडे पाहिलं. 

ओरोझाली ट्रॉलीबसच्या डेपोत वीजतंत्री होता. उमेदीची सगळी वर्षं त्याने तिथे काढली. मग विजेच्या तारांवर धावणाऱ्या त्या बस बंद झाल्या, रस्त्यांवरच्या तारा उतरल्या. निरोपाच्या दिवशी त्याला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते पेन्सिलएवढ्या सेलवर चालायचं. त्याचा त्याला विशेष राग होता. "विजेवर चालणारं काय दिलं मला, तर हे," तो म्हणायचा. घड्याळ त्याने गॅरेजात उलटं टांगलं होतं.

"या शहरात माझ्या हाताखाली विजेवर एक तरी चाक फिरलं पाहिजे," तो मला पहिल्याच दिवशी म्हणाला. "आणि ते या गाडीचं."

या गाडीचं, कारण ती त्याच्या वडिलांची होती. कारखान्याच्या यादीत नाव घालून वर्षानुवर्षं थांबल्यावर मिळालेली. तिचा भोंगा दोन सुरांत वाजायचा, आधी जाड, मग किनरा. वडील शाळेच्या फाटकाशी तो वाजवायचे आणि ओरोझाली आणि त्याची धाकटी बहीण बुरुल धावत सुटायची. बुरुल आता नारिनला असते. ती कुणाकडे कधी काही मागत नाही आणि कुणाला सल्ला दिल्याशिवाय राहत नाही. फोनवर तिने एकच सल्ला दिला होता.

"भंगारात दे, बाइके. बाबा गेले. गाडी कशाला जगवतोस?"

बॅटऱ्या त्याने आधीच मिळवल्या होत्या, ठोकर खाल्लेल्या एका जपानी गाडीतल्या. त्याच सोप्या निघाल्या. आता मोटर हवी होती, आणि ती मोटर जुन्या गिअरबॉक्सला जोडायचं सामान. एवढंच, असं तो म्हणाला. मीही मान डोलावली. मला वाटलं, एवढंच.

माझ्या खटारा होंडातून आम्ही सुट्या भागांच्या बाजारात जायला लागलो. तिथे जहाजी कंटेनरांच्या रांगाच रांगा आहेत. एका कंटेनरमध्ये नुसते दरवाजे. एकात नुसते दिवे, छतापर्यंत रचलेले. एका माणसाकडे फक्त आरसे होते. त्याच्यासमोर उभं राहिलं की आपण शंभर दिसतो आणि शंभरही वैतागलेले.

"मॉस्क्विचची क्लच प्लेट आहे?"

"कुणाची?"

"मॉस्क्विचची."

विक्रेत्याने आतल्या माणसाला हाक मारली. "अरे, बाहेर ये! आजोबांच्या काळातलं गिऱ्हाईक आलंय! होंडाची देऊ का, बाइके? टोयोटाची? विमानाची देतो, पण ही नका मागू."

"बरं, मोटर? फोर्कलिफ्टची, विजेवर चालणारी?"

"आहे. उद्या या."

उद्या गेलो की तो कंटेनर बंद असायचा. शेजारचा म्हणायचा, "तो? तो लग्नाला गेलाय." आमच्याकडे कुणीतरी सतत लग्नाला गेलेलं असतं.

क्लच शेवटी सोकुलुकजवळच्या एका खेड्यात सापडला. एका घरात तो खारवलेल्या कोबीच्या पिंपावर वजन म्हणून ठेवला होता. मालक द्यायला तयार होता. मालकीण नव्हती.

"कोबी मुरेपर्यंत नाही."

"वहिनी, मी बदली दगड देतो. चांगला, गोल."

"दगडाने मुरतो तो कोबी मला आवडत नाही."

आम्ही कोबी मुरायची वाट पाहिली. मध्ये दोनदा ओरोझालीने मला कोबीची चौकशी करायला पाठवलं. "तू गोड बोलतोस," तो म्हणाला. "शिकलास ना त्यासाठीच." मी गोड बोललो. तिने मला वाडगाभर कोबी दिला. कच्चा होता. ती बरोबर म्हणत होती.

आम्ही क्लच घेऊन आलो त्याच आठवड्यात गॅरेजांच्या दारांवर नगरपालिकेचे कागद चिकटले. वसंत लागला, नवरोज झाला, की रांग पाडणार. आतलं सामान ज्याचं त्याने काढावं. उरेल ते भंगारात जाईल.

मी पुस्तकं घरी नेऊ शकत होतो. ओरोझाली इंजिन नसलेली गाडी कुठे नेणार? तो पाचव्या मजल्यावर राहतो.

"स्वतःच्या चाकांवर बाहेर काढीन," तो म्हणाला. "ढकलून नाही. दोर बांधून नाही."

आणि मग तो मामाकडे गेला.

शाम्बेतमामा तोकमोकला भंगाराचं मोठं आवार चालवतो. ऐंशीच्या जवळ आलाय. पांढरी दाढी, उंच फेल्टची टोपी, आवाजात खर्ज. आवाराच्या मध्यभागी एक फोर्कलिफ्ट चिखलात कललेलं होतं. त्याच्या शेजारी त्यातून उपटून काढलेली एक मोटर उभी होती, दुधाच्या कॅनएवढी, एक टोक गोठलेल्या चिखलात रुतलेलं. ओरोझाली तिच्यावर वर्षभर डोळा ठेवून होता.

"मामा, ती मोटर विका मला."

"भाच्याला विकू? लोक काय म्हणतील? बहिणीच्या पोराकडून पैसे घेतले म्हणतील."

"मग अशीच द्या."

"फुकट देऊ? मग मी स्वतःला काय म्हणू?"

हे संभाषण त्यांच्यात इतक्या वेळा झालं होतं की दोघंही ते चहा ओतता ओतता म्हणत. या वेळी ओरोझालीने चहाचं भांडं खाली ठेवलं. मग उभा राहिला. तिथे मामाची दोन मोठी मुलं होती, शेजारचा एक म्हातारा होता, मी होतो. साक्षीला पुरेसे.

"मामा, मी भाच्याच्या हक्काने मागतो."

शेजारच्या म्हाताऱ्याने हातातला पेला खाली ठेवला.

भाच्याचा हक्क आमच्यात जुना आहे. बहिणीच्या लेकराने आयुष्यात तीनदा मामाकडे काहीही मागावं. मामाने नाही म्हणायचं नाही. म्हणून तर म्हण आहे: भाचा येण्यापेक्षा सात लांडगे आलेले परवडले. ओरोझालीने पहिलं मागणं सातव्या वर्षी उधळलं, तांबड्या शिंगराच्या पायी. दुसरं लग्नाच्या वेळी, मामाचा टेपरेकॉर्डर. उरलेलं एक त्याच्या बायकोने तीस वर्षं जपलं होतं. "पोरीच्या लग्नात कामी येईल," ती म्हणायची. "मामाकडे मेंढरं आहेत."

शाम्बेतमामाने दाढी कुरवाळली.

"शेवटचं आहे, भाच्या."

"माहीत आहे."

"काय हवंय?"

ओरोझालीने बोट दाखवलं. "ती."

मामाने मोटरकडे पाहिलं. मग ओरोझालीकडे पाहिलं. "तीच?"

"तीच."

आता कुणी परका वाचक म्हणेल, जवळ जाऊन, उलटी करून पाहायची होती. पण हक्काने मागितलेल्या घोड्याचे दात बघत नाहीत. बघितले तर तुम्ही भाचा नाही, गिऱ्हाईक झालात. ओरोझालीने डेपोत एक बोल्टसुद्धा भिंगाखाली धरल्याशिवाय घेतला नसता. इथे तो हात मागे बांधून उभा राहिला.

मामाने तळवे वर धरले, आशीर्वाद दिला, चेहऱ्यावरून हात फिरवले. आम्ही सगळ्यांनी फिरवले. ओमीन. आता ते मागणं देवाकडे पोचलं होतं आणि परत येणार नव्हतं.

मग मोठ्या पोरांनी पहारीने मोटर चिखलातून उचकटली.

ओरोझालीने खालचं टोक पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा हलला नाही. त्याने मामाचे दोन्ही हात हातात घेऊन आभार मानले. आम्ही मोटर होंडात घातली. वाटेत कांत गाव आलं.

"पंपाची आहे," मग तो म्हणाला.

"कसला पंप?"

"काटे वर उचलणारा. चाकं फिरवणारी मोटर वेगळी असते. ती अजून फोर्कलिफ्टच्या पोटात आहे."

"फरक काय पडतो?"

"हिला शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडाच नाही. जिथे शाफ्ट बाहेर यायला हवा तिथे भोक आहे. भोकात दाते आहेत. दाते झिजलेत. त्या बाजूला बेअरिंगसुद्धा नाही, ते पंपात राहिलं." त्याने कानटोपी कपाळावर ओढली. "म्हाताऱ्याने विचारलं होतं. तीच? म्हणाला. ऐकलंस ना?"

ऐकलं होतं.

त्यापुढचे दिवस मला आठवतात ते चिडचिडीचे. झिजलेल्या दात्यांत बसेल असा शाफ्ट हवा होता. तसा शाफ्ट फक्त त्या पंपाला असतो. पंप कुणाकडेच नव्हता, आणि ज्याच्याकडे होता तो लग्नाला गेला होता. मी फोनवरून एका चिनी दुकानदाराला गाठलं. माझं भाषांतर त्याला कळेना, त्याचं मला. शेवटी घाटात बर्फ पडून रस्ता बंद झाला आणि आमचा खोका पलीकडे अडकला. तो आला तेव्हा आम्ही मुलाचं बारसं असल्यासारखे जमलो. ओरोझालीने शाफ्ट काढला, दाते मोजले.

"एक कमी," तो म्हणाला.

"एकाने काय होतंय?" मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

मग कांतचा गेनरिख. त्या गावात एके काळी सगळी जर्मन घरं होती. आता गेनरिख आणि त्याचं लेथ मशीन उरलं होतं, आणि तोही मुलीकडे जर्मनीला निघाला होता. त्याच्या सामानाच्या पेट्या बांधून झाल्या होत्या. ओरोझालीने मोटर त्या पेट्यांवर ठेवली.

"ओरोझाली, माझं विमान आहे."

"विमान उडेल. तू भोकात बूच बसव, त्यातून शाफ्ट काढ, बाहेर बेअरिंगला घर कर आणि गिअरबॉक्सला जोडायला पोलादी चकती काप."

"हे एवढंच? चहा नको?"

"चहा पण ठेव."

त्याने केलं. शिव्या देत केलं, तीन भाषांत, पण केलं. कोबीवाल्या क्लचच्या मधला दातेरी तुकडा कापून त्याने तो कपलिंगमध्ये बसवला. जाताना म्हणाला, "ही चालली तर मला कळवू नकोस. नाही चालली तर मुळीच कळवू नकोस."

गॅरेजात आम्ही मोटर गाडीत उतरवली. चकती बसली. बोल्ट बसले. माझ्या बाजूच्या विजेवर बॅटऱ्या भरून ठेवल्या होत्या. ओरोझालीने कानटोपी काढली, जी तो कधीच काढत नसे, आणि बटण दाबलं.

मोटर फिरली. एक क्षण ती नुसती गुणगुणली आणि ओरोझालीचा चेहरा असा उजळला की मला नजर वळवावीशी वाटली. मग ती ओरडायला लागली. सगळी गाडी ताक घुसळल्यासारखी हलली. बुचाच्या जागेतून धूर निघाला. काहीतरी तुटून बॉनेटखाली टणटणत फिरलं. त्याने वीज तोडली.

उलटं टांगलेलं घड्याळ खाली पडलं होतं. ते चालू होतं.

"केसाएवढं वाकडं आहे," तो म्हणाला. "त्या भोकात सरळ काही बसणारच नाही. देवाने बसवलं तरी."

आम्ही पुन्हा तोकमोकला गेलो. ओरोझाली मागू शकत नव्हता. तो फक्त बसला. फोर्कलिफ्ट समोर कललेलं होतं, पोटात योग्य ती मोटर घेऊन.

"मोटर कशी आहे?" मामाने विचारलं.

"छान आहे, मामा."

"गाडी चालते?"

"चालेल."

"बोरसोक खा, आत्ताच तळलेत. थंडी फार आहे यंदा." मामाने चहा ओतला. "गॅरेजं पाडतायत म्हणे. माझ्या पोरांना बोलावलंय, उरलंसुरलं उचलायला. तुझी गाडी उरली तर काळजी करू नकोस. इथेच येईल." त्याने हनुवटीने फोर्कलिफ्टकडे दाखवलं. "मोटरीकडे."

परतताना ओरोझालीने माझ्या होंडाच्या पॅनलवर मूठ आपटली. रेडिओ कायमचा बंद पडला.

नवरोज झाला. खोदयंत्र आलं. मी पुस्तकं आधीच हलवली होती. ओरोझाली शेवटच्या सकाळपर्यंत बुचाशी झगडत होता. त्याच्या हातांना सालपटं निघाली होती. मामाचा ट्रक रांगेच्या तोंडाशी येऊन थांबला. पुढे शाम्बेतमामा स्वतः बसला होता, नवी टोपी घालून.

पोरांनी मॉस्क्विचला दोर बांधला. ओरोझाली म्हणाला, "थांबा." त्यांना वाटलं तो अडवणार. त्याने खिशातून किल्ली काढून मामाच्या हातात ठेवली, मग गाडीच्या मागे जाऊन खांदा लावला. दोराने नको होतं त्याला. मी त्याच्याशेजारी खांदा लावला. आम्ही ती फळ्यांवरून ट्रकमध्ये चढवली. मी कधी इतका जड पिवळा रंग ढकलला नाही.

मामा किल्लीकडे बघत राहिला. मग ट्रकच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाला, "यादीत तुझ्या बापाच्या पुढे माझं नाव होतं. माहीत आहे?"

"नाही."

"तुझी आई पोटुशी होती. बुरुलच्या वेळी. मी नाव मागे घेतलं आणि त्याला पुढे जाऊ दिलं. मग कारखान्याने यादीच बंद केली." त्याने किल्ली खिशात टाकली. "त्यानंतर मी खूप गाड्या घेतल्या. ही नाही मिळाली."

आठवडाभराने ओरोझालीला फोन आला. मी शेजारी होतो. खर्ज फोनबाहेरही ऐकू येत होता.

"भाच्या, माझ्या गाडीत माझी मोटर बसवायची आहे. फोर्कलिफ्टच्या पोटातली. मजुरी देईन. तुझ्याहून बरा कारागीर कोण आहे?"

"तोकमोकमध्ये पन्नास आहेत."

"त्यांना बोलावू?"

ओरोझालीने फोन ठेवला. शिव्या दिल्या, गेनरिखकडून शिकलेल्यासुद्धा. मग हत्यारांची पेटी उचलली.

उघड्या आवारात, वाऱ्यात, त्याने काम केलं. या मोटरीला खरा शाफ्ट होता, जाड, सरळ. गेनरिखची चकती पुन्हा भोकं पाडून बसली. कोबीवाला तुकडा बसला. मामा खुर्ची टाकून बघत बसायचा आणि मधूनमधून म्हणायचा, "हळू, माझी गाडी आहे." ओरोझाली गाडीखालून म्हणायचा, "माझं डोकं आहे इथे, पाय हलवा." मजुरीचा विषय दोघांनीही पुन्हा काढला नाही.

गाडी चालली ती एका साध्या दुपारी. कुणी जमलं नव्हतं. मामाने टोपी नीट केली, स्टिअरिंगमागे बसला, किल्ली फिरवली. काहीच ऐकू आलं नाही. मग चाकांखालचा कोळशाचा चुरा चुरचुरला आणि पिवळी मॉस्क्विच दरवाजांच्या ढिगाऱ्याला वळसा घालून निघाली. कुत्रं भुंकायचं विसरलं.

"घरघर येते!" मामा खिडकीतून ओरडला.

"गिअर आहेत ते! कायमच घरघरायचे! इंजिनामुळे ऐकू येत नव्हते!" ओरोझाली मागे चालत होता, मग पळत होता. "दुसरा टाका! मामा, दुसरा!"

मामाने टाकला नाही. तो दुसरी फेरी मारायला लागला.

ओरोझाली माझ्याजवळ येऊन थांबला. धापा टाकत होता. त्याच्या हाताखाली विजेवर चार चाकं फिरत होती, आणि त्यातलं एकही त्याचं नव्हतं. मला वाटलं तो आता काही फोडेल. त्याने फोन काढला आणि स्पीकर लावला.

"बुरुल? मी. हो, बरा आहे. ऐक, तू मामाकडे आजवर काय काय मागितलंयस? हक्काने?"

"मी?" ती म्हणाली. "काही नाही. तिन्ही मागणी तशीच आहेत. मला काय कमी आहे? का?"

 ढिगाऱ्यापलीकडून भोंगा वाजला. आधी जाड, मग किनरा.



"बाइके," मग ती म्हणाली, "तो आपल्या गाडीचा आहे का?"

 ओरोझालीने हात लांब करून फोन आवाराच्या दिशेने धरला. मामा अजून पहिल्याच गिअरमध्ये होता.